जहाज लागलं पण माल सुटत नाही: ओरिजिनल बीएल, फ्री डेज आणि सीआयएफचा खरा हिशोब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पहिल्यांदाच परदेशातून मशिनचे सुटे भाग मागवलेत, एक चाळीस फुटी कंटेनर, सीआयएफ भावाने, म्हणजे मालाच्या किमतीतच भाडं आणि विमा धरून. विकणारा म्हणाला भाडं, विमा सगळं आमच्याकडे, तुम्ही फक्त माल उतरवून घ्या. जहाज वेळेवर लागलं, कंटेनर यार्डात उतरला, ड्युटी भरायची तयारी आहे, पण शिपिंग लाइन डिलिव्हरी ऑर्डर (डीओ), म्हणजे माल सोडायचं पत्र, देत नाही कारण ओरिजिनल बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, तुमच्या हातात नाही आणि रोज दंड वाढत चाललाय. चूक कोणाची, आणि पुढच्या वेळी काय करायचं, असं विचारलंय.

मी फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांच्या मालाची वाहतूक आणि कागद जमवून द्यायच्या धंद्यात, बरीच वर्षं काढली आहेत आणि असे अडकलेले कंटेनर सोडवणं हेच रोजचं काम आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, माल समुद्रात अडकतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा कागदात अडकतो, आणि तो कागद कसा असणार हे जहाज सुटायच्या आधीच, बहुतेक वेळा तुम्ही ऑर्डर दिली त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. पण ते नंतर. आधी आजचं बघू, कारण मीटर चालू आहे.

आत्ता विकणाऱ्याला फोन करा आणि एकच विचारा, ओरिजिनल बीएल या क्षणी नेमकं कुठे आहे. "पाठवतो", "होऊन जाईल" असलं उत्तर घेऊ नका. ते एकतर त्याच्याकडेच पडलेलं असेल, किंवा बँकेत असेल, किंवा कुरियरमध्ये.

त्याच्याकडे असेल तर बहुतेक वेळा कारण पैशाचं असतं, तुमचा शेवटचा हप्ता पोचलेला नसतो. तसं असेल तर पैसे भरा आणि कुरियरची वाट न बघता टेलेक्स रिलीज मागा. म्हणजे तो ओरिजिनल बीएलचा पूर्ण सेट, साधारण तीन प्रती असतात, त्याच्या बंदरातल्या लाइनच्या ऑफिसात जमा करतो आणि ते ऑफिस तुमच्याकडच्या ऑफिसला कळवतं की कागद परत आलेत, माल द्या. इथे एक बारकावा लोकांना माहीत नसतो, उतरायच्या बंदरात तीनपैकी एक ओरिजिनल दिली तरी माल सुटतो आणि उरलेल्या दोन आपोआप रद्द होतात, पण माल चढवलेल्या बंदरात जमा करायचं तर तिन्ही द्याव्या लागतात. त्यामुळे त्याने एक प्रत तुम्हाला कुरियर केली आणि दोन जमा करायला गेला तर ऑफिस त्याला परत पाठवणार आणि तुमचे आणखी दोन-तीन दिवस जाणार. जमा केल्याची पोच स्कॅन करून मागवा, नुसतं तोंडी "केलं" पुरत नाही.

कागद बँकेतून येत असतील, म्हणजे एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर आले की पैसे देऊ अशी बँकेची हमी) असेल, तर वेगळी गंमत होते. एलसी ज्या नियमांवर चालते त्या यूसीपी ६०० मध्ये, एलसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत द्यायची मुभा आहे. आता प्रवासच दहा-बारा दिवसांचा असेल तर विकणारा नियमात बसून कागद देतोय आणि तरी जहाज कागदांच्या आधी पोचलंय, असं सर्रास होतं. अशा वेळी तुमची बँक लाइनच्या नावाने शिपिंग गॅरंटी देऊ शकते, त्यावर बीएलशिवाय माल सुटतो. पण एक लक्षात ठेवा, गॅरंटी घेतलीत की नंतर आलेल्या कागदांत चूक निघाली तरी ते नाकारायचा तुमचा हक्क गेल्यातच जमा, त्यामुळे विकणाऱ्यावर भरवसा नसेल तर हा मार्ग विचार करून घ्या. आणि कागद कुरियरमध्ये खरोखर हरवले असतील तर लाइन इन्डेम्निटी बाँड, म्हणजे पुढे नुकसान झालं तर भरून देऊ असं हमीपत्र, आणि बँक गॅरंटी मागते, मालाच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त रकमेची आणि बऱ्याच मुदतीची, म्हणजे तेवढे पैसे अडकले. शेवटचा उपाय आहे तो.

हे चालू असताना बाकी काही थांबवू नका. बीएलच्या कॉपीवर कस्टमची एन्ट्री आधी टाकता येत असेल तर टाकून ठेवा, ड्युटी भरून ठेवा, ट्रक सांगून ठेवा. आणि लाइनला आजच्या आज लेखी मेल टाका की फ्री डेज, म्हणजे दंड सुरू व्हायच्या आधीचे फुकट दिवस, वाढवून द्या, अमुक तारखेला माल उचलतो. फ्री डेज संपायच्या आधी टाकलेल्या मेलला किंमत असते, संपल्यावर विनंतीच करावी लागते, पण तीही करा, ठोस तारीख दिली तर सूट मिळाल्याची उदाहरणं भरपूर बघितली आहेत.

एक गोष्ट अजून तपासा, तुमचं बीएल लाइनचं आहे की फॉरवर्डरचं. मास्टर बीएल लाइन देते, हाउस बीएल फॉरवर्डर देतो. बीएलवर कॅरियर म्हणून सही कोणाची आहे ते बघा, आणि बीएल नंबर लाइनच्या ट्रॅकिंगवर टाकून बघा, काहीच दिसत नसेल तर बहुधा हाउस आहे. हाउस असेल तर कुलपं दोन आहेत. तुम्ही ओरिजिनल हाउस बीएल फॉरवर्डरच्या इथल्या एजंटला देणार, आणि त्या एजंटला स्वतःला लाइनकडून मास्टर सोडवायचाय. तुमचा कागद व्यवस्थित असूनही एजंटने लाइनचे पैसे थकवले म्हणून माल अडकलाय, हे मी बघितलंय, आणि तेव्हा माल मागवणारा आठवडाभर भलत्याच ऑफिसात भांडत बसलेला असतो.

आता लाइनवाले एवढे हटून का बसतात हेही समजून घ्या, कारण काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही. बीएल ही माल मिळाल्याची पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑर्डर बीएल असेल तर ती मालाची किल्ली आहे, ज्याच्या हातात ओरिजिनल त्याला माल. लाइनने ओरिजिनलशिवाय माल दिला आणि उद्या दुसरा कोणी ओरिजिनल घेऊन उभा राहिला तर मालाची पूर्ण किंमत लाइनच्या अंगावर येते, आणि जहाजवाल्यांचा जो जबाबदारीचा विमा असतो, पी अँड आय क्लबचा, तो बीएलशिवाय दिलेल्या डिलिव्हरीला साधारणपणे कव्हर देत नाही. त्यामुळे तिथला मॅनेजर तुमच्या ओळखीचा असला तरी त्याचे हात बांधलेले असतात.

दंडाकडे येतो. लोक सगळ्यालाच डिमरेज म्हणतात पण यात तीन वेगळे मीटर असतात आणि ते वेगवेगळे लोक लावतात. भरलेला कंटेनर फ्री डेज संपूनही टर्मिनलच्या आत पडून आहे, त्याबद्दल लाइन घेते ते डिमरेज. कंटेनर तुम्ही बाहेर नेला, पण रिकामा करून वेळेत परत दिला नाही, त्याबद्दल लाइन घेते ते डिटेन्शन. आणि टर्मिनलची जागा अडवली म्हणून टर्मिनल किंवा यार्डवाला घेतो ते स्टोरेज, ते यातल्या पहिल्याच्या सोबतच चालू असू शकतं. दर टप्प्याटप्प्याने चढतात, पहिले काही दिवस कमी, मग जास्त, मग अजून जास्त, म्हणून दहाव्या दिवसाचा दंड पाहून विसाव्या दिवसाचा अंदाज दुपटीने करू नका, तो त्याहून बराच वर जाईल. काही लाइन डिमरेज आणि डिटेन्शन दोन्ही मिळून एकत्र फ्री डेज देतात, काही वेगळे देतात. लाइनचा टॅरिफ तिच्या वेबसाइटवर असतो, तो आज उघडून बघा आणि कोणता मीटर कधी सुरू झाला त्याची तारीख कागदावर लिहून काढा, बिल आलं की ताडून बघता येतं. बिलात चुका असतात, सुट्टीचे दिवस, यार्ड बंद असलेले दिवस, टर्मिनलने स्वतःच कंटेनर काढून दिला नाही ते दिवस, यावर लेखी पुराव्यासह आक्षेप घेता येतो. ट्रक गेटवर उभा होता आणि कंटेनर मिळाला नाही याचा पुरावा म्हणून ट्रकवाल्याची गेटची स्लिप जपून ठेवा.

या दंडामागे एक जुनं कारण आहे आणि ते मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. २६ एप्रिल १९५६ ला, कंटेनरची पद्धत रुजवणाऱ्या माल्कम मॅक्लीनचं आयडियल एक्स जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं. तेव्हा सुटा माल हातांनी जहाजात भरायचा खर्च टनाला ५.८६ डॉलर यायचा, आणि या पद्धतीत तो १६ सेंटच्या आसपास आला. पूर्वी जहाज दिवसेंदिवस धक्क्याला लागून राहायचं, ते आता काही तासांत हलतं. म्हणजे समुद्राचा आणि क्रेनचा भाग इतका स्वस्त आणि जलद झाला की उरलेला वेळ आणि उरलेला खर्च सगळा दोन्ही टोकांना, यार्डात, कागदात आणि ट्रकच्या रांगेत जाऊन बसला. लाइनला तिचा डबा फिरता हवा असतो, तो तुमच्याकडे पडून राहिला तर तिचं पुढचं भाडं बुडतं. २०२१ मध्ये हेच जगभर दिसलं, बंदरं तुंबली, रिकामे कंटेनर भलत्याच जागी अडकले आणि भाडी कुठच्या कुठे गेली. जहाजं काही कमी झाली नव्हती, डबे वेळेत परत येत नव्हते.

चूक कोणाची हा तुमचा प्रश्न. सीआयएफमध्ये भाडं भरणं आणि वाहतुकीचा कागद विनाविलंब खरेदीदाराला देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, इन्कोटर्म्स २०२० मध्ये, म्हणजे सीआयएफसारख्या व्यापारी अटींचा अर्थ ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत, हे स्पष्ट आहे. तेव्हा तुम्ही ठरल्याप्रमाणे पैसे वेळेत दिले असतील आणि तरी तो कागद धरून बसला असेल तर दंडाची रक्कम त्याच्याकडे मागायला तुम्हाला पूर्ण जागा आहे, मेल, पैसे भरल्याची पावती, लाइनची बिलं सगळं गोळा करा. पण करारात "पैसे मिळाल्यावर कागद" असं असेल आणि पैसे तुमच्याकडून उशिरा गेले असतील तर तो बोजा तुमचा. लाइनला मात्र या भांडणाशी देणंघेणं नाही, तिला पैसे द्यावेच लागतात, वसुली नंतर.

आता सीआयएफबद्दल मनापासून सांगतो, पहिल्यांदा माल मागवणाऱ्याने शक्यतो घेऊ नये. "सगळं आमच्याकडे" हे ऐकायला छान वाटतं, पण सीआयएफमध्ये विकणारा तुमच्या बंदरापर्यंतचं भाडं भरतो, जोखीम मात्र माल त्याच्या बंदरात जहाजावर चढला की तुमच्याकडे आलेली असते. म्हणजे मधल्या समुद्रात काही झालं तर नुकसान तुमचं, आणि लाइन, फॉरवर्डर, विमा कंपनी, फ्री डेज हे सगळं निवडणारा माणूस तो, ज्याला माल चढल्यावर त्यातल्या कशाचीच झळ बसत नाही. तो स्वस्तातलं भाडं शोधतो. स्वस्त भाड्यात फ्री डेज कमी, मधल्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजात चढवणं जास्त, आणि सुट्या मालाच्या शेअरिंग कंटेनरमध्ये तर असं चालतं की तिकडचा फॉरवर्डर विकणाऱ्याकडून भाडं नावापुरतं घेतो आणि वसुली इकडच्या एजंटमार्फत उतरणावळीच्या नावाखाली तुमच्याकडून करतो. भाव विचारताना हे कुठेच दिसत नाही, बिल आल्यावर दिसतं.

पुढच्या वेळी एफसीए मागा, म्हणजे विकणारा माल तुम्ही ठरवलेल्या वाहतूकदाराच्या हातात देतो आणि तिथून पुढे सगळं तुमचं. सगळे सवयीने एफओबी (जहाजावर चढवून द्यायचा भाव) म्हणतात, पण एफओबीमध्ये जोखीम माल जहाजावर चढल्यावर बदलते, आणि कंटेनर तर त्याआधी कितीतरी दिवस टर्मिनलवर देऊन टाकलेला असतो, मधल्या काळात माल ना धड त्याच्या ताब्यात ना तुमच्या. कंटेनरसाठी एफसीए हेच योग्य आहे. फॉरवर्डर तुमचा, भाडं तुमचं, आणि फ्री डेजची बोलणी बुकिंगच्या आधी तुम्ही करायची, चौदा किंवा एकवीस दिवस मागा, बुकिंगच्या वेळी हे बऱ्याचदा फुकटात मिळतं आणि माल उतरल्यावर त्यासाठी विनवण्या कराव्या लागतात. भाड्याचा कोट घेताना दोन्ही टोकांचे सगळे चार्जेस लेखी घ्या, टीएचसी (टर्मिनलवरच्या हाताळणीचे पैसे), डॉक्युमेंटेशन, डीओ फी, सगळं. कोटमध्ये "अॅट अॅक्च्युअल" लिहिलेली ओळ दिसली की तिथे आकडा मागा.

ओरिजिनल बीएल हवंच आहे का हेही स्वतःला विचारा. पैसे आधीच पूर्ण दिलेत, बँक मध्ये नाही, माल वाटेत विकायचा नाही, तर सी-वेबिल पुरतं, त्यात ज्याचं नाव लिहिलंय त्याला ओळख पटवून माल मिळतो, कागद कुरियरने यायची भानगडच नाही. मोठ्या नऊ लाइननी २०२३ मध्ये जाहीर केलंय की २०३० पर्यंत बीएल पूर्ण इलेक्ट्रॉनिक करणार, आणि ब्रिटनने त्याच वर्षी सप्टेंबरपासून इलेक्ट्रॉनिक कागदांना कागदी इतकीच कायदेशीर मान्यता दिली. तुमची लाइन देत असेल तर जरूर घ्या.

काहीही घेतलंत तरी ड्राफ्ट बीएल जहाज सुटायच्या आधी मागवा आणि अक्षर न् अक्षर वाचा. नाव, पत्ता, टॅक्स नंबर, नगांची संख्या, वजन. जहाज सुटल्यावर दुरुस्ती म्हणजे अमेंडमेंट फी आणि वेळ, माल उतरायच्या बंदरात मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, गेल्यावर दुरुस्ती म्हणजे कधीकधी कस्टमचा दंडसुद्धा. नगांच्या संख्येवर मुद्दाम जोर देतोय. बऱ्याच देशांत जहाजवाल्याची भरपाई हेग-व्हिस्बी नियमांप्रमाणे मर्यादित असते, नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. आता बीएलवर नुसतं "एक कंटेनर, मशिनचे भाग" लिहिलं तर पूर्ण कंटेनर हा एकच नग धरला जाऊ शकतो, आणि "१८० पेट्या" लिहिलं तर नग १८० होतात. तुमच्या छोट्या, किमती पेट्यांसाठी हा फरक प्रचंड आहे, आणि तो एका ओळीवर अवलंबून आहे.

विम्याचं आता सांगतो, कारण "विमा आमच्याकडे" या वाक्यावर लोक निर्धास्त होतात. सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर बंधन फक्त कमीत कमी कव्हरचं आहे, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी, किंमत अधिक दहा टक्के. सी मध्ये आग, जहाज बुडणं, टक्कर, जनरल अॅव्हरेज अशा मोठ्या गोष्टी येतात. चोरी येत नाही, कंटेनरमध्ये समुद्राचं पाणी शिरलं ते येत नाही, कंटेनर लाटांनी वाहून गेला तेही येत नाही. आणि कंटेनर वाहून जातात बरं का. ३० नोव्हेंबर २०२० ला वन एपस या जहाजावरून पॅसिफिकमध्ये एकाच वेळी १,८०० हून जास्त कंटेनर समुद्रात गेले. तेव्हा क्लॉजेस ए, म्हणजे यातलं सगळ्यात व्यापक कव्हर, घ्या, स्वतः घ्या, स्वतःच्या विमा कंपनीकडून घ्या, म्हणजे क्लेमच्या वेळी परक्या देशातल्या ऑफिसच्या मागे लागायला नको.

मघाशी जनरल अॅव्हरेज म्हणालो, तो प्रकार नव्या माणसाला धक्का देतो. जहाज संकटात सापडलं आणि जहाज-माल सगळं वाचवायला मुद्दाम खर्च किंवा नुकसान करावं लागलं तर ते जहाजमालक आणि सगळे मालवाले मिळून आपापल्या किमतीच्या प्रमाणात भरतात, तुमच्या पेटीला ओरखडा आला नसला तरी. मार्च २०१८ मध्ये मर्स्क होनम जहाजाला अरबी समुद्रात आग लागली, पाच खलाशी गेले. त्यानंतर ज्यांचा माल शाबूत होता त्यांनाही माल सोडवायला साल्व्हेजसाठी, म्हणजे जहाज वाचवणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी, किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल अॅव्हरेजसाठी ११.५ टक्के, म्हणजे एकूण ५४ टक्क्यांची सिक्युरिटी द्यावी लागली. विमा असेल तर विमा कंपनी गॅरंटी लिहून देते आणि माल सुटतो, सी क्लॉज असला तरीही. विमा नसेल तर रोख भरा, आणि अंतिम हिशोब लागायला वर्षं जातात. एव्हर गिव्हन मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये सहा दिवस अडकलं ते सगळ्यांना आठवतं, पण सुटल्यावरही ते कालव्यातच धरून ठेवलं होतं आणि जुलैमध्ये पुढे निघालं, आणि त्यातही मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केला होता, हे मालवाल्यांनाच माहीत.

विमा ए असला तरी एक नुकसान तुमच्या गळ्यात राहू शकतं आणि मशिनच्या भागांना तेच सगळ्यात जास्त होतं, गंज. दमट हवेत कंटेनर भरला, दार बंद झालं, मग जहाज थंड पाण्यातून गेलं की छताच्या पत्र्याला आतून पाणी धरतं आणि ते मालावर ठिबकतं. कंटेनरला भोक नसतं, तरी पेट्या ओल्या. विमा कंपनी म्हणते पॅकिंग अपुरं होतं, आणि क्लॉजेसमध्ये अपुरं पॅकिंग वगळलेलं आहे, मशिनरीच्या पॉलिसीत तर गंज वेगळा लिहून वगळतात. म्हणून भागांना तेलाचा थर, त्यावर गंजरोधक व्हीसीआय फिल्म, आणि कंटेनरच्या आतल्या कड्यांना ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या टांगायला सांगा. लाकडी पॅलेट कोरडी हवीत, ओलं लाकूड स्वतःच वाफ सोडत राहतं, आणि त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवा, नाहीतर पॅलेटपायी पूर्ण कंटेनर क्वारंटाइनमध्ये जातो.

माल भरायच्या आधी रिकाम्या कंटेनरच्या आत एका माणसाने उभं राहायचं आणि बाहेरून दारं बंद करून घ्यायची. अंधारात दोन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात, आणि मग छतात किंवा कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तो कंटेनर परत पाठवायचा. जमिनीच्या लाकडावर हात फिरवून ओल बघायची, वास घ्यायचा, आधी केमिकल गेलं असेल तर कळतं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि विकणाऱ्याच्या गोडाउनमध्ये कोणी मागितल्याशिवाय करत नाही, तुम्ही मागा, फोटोसकट.

वजनाचं पण बघा. तुम्ही चाळीस फुटी घेतलाय, साधारण ६७ घनमीटर जागा, वीस फुटीची ३३. पण वजन पेलायची ताकद दुप्पट होत नाही, वीस फुटीलाही जवळपास तेवढंच वजन चालतं. लोखंडी भागांचं वजन जागेच्या आधी संपतं, मग अर्धा कंटेनर हवेचं भाडं भरतो. तुमच्या पॅकिंग लिस्टवर वजन आणि घनमीटर दोन्ही लावून बघा, कदाचित वीस फुटीच बरा पडला असता. भरताना अर्ध्या लांबीत ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. आणि १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं खात्रीचं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत, कट-ऑफच्या, म्हणजे लाइनने दिलेल्या शेवटच्या वेळेच्या, आधी ते गेलं नाही तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो.

जहाजाच्या तारखांवर पैशाचं नियोजन अगदी काठावर करू नका. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या लाइन केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागल्या, आशिया ते उत्तर युरोप दहा-चौदा दिवस वाढले. त्याहून वाईट म्हणजे उशिरा आलेली जहाजं एकदम येतात, यार्ड भरतं, आणि तुमचा कंटेनर चार थरांच्या तळाशी सापडतो. शक्य असेल तर थेट जहाज घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. आणि लाइनची आर्थिक तब्येतही बघा, ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस हांजिन ही मोठी कोरियन लाइन दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची जहाजं बंदराबाहेर उभी राहिली कारण पैसे मिळतील की नाही म्हणून बंदरं त्यांना आत घेईनात, आणि ज्यांनी भाडं पूर्ण भरलं होतं त्यांचा माल त्यात होता.

आता तुमचा कंटेनर सुटून गोडाउनला येईल तेव्हाचं. सील तोडायच्या आधी सीलचा नंबर दिसेल असा फोटो काढा आणि बीएलवरच्या नंबरशी जुळवा, जुळत नसेल तर तोडू नका, लाइनला आणि विमा कंपनीला तिथूनच फोन करा. दार उघडल्यावर पहिला फोटो, अर्धा रिकामा झाल्यावर दुसरा, तळ दिसल्यावर तिसरा. मोडतोड किंवा ओल दिसली तर ट्रकवाल्याच्या पावतीवर शेरा मारल्याशिवाय सही करू नका, वरून न दिसणारं नुकसान असेल तर हेग-व्हिस्बीप्रमाणे तीन दिवसांत लाइनला लेखी कळवायचं असतं आणि दावा करायला एक वर्ष मिळतं, नुकसान तपासणारा सर्व्हेयर येईपर्यंत माल हलवू नका. सगळं ठीक असेल तर कंटेनर झाडून, आतले खिळे आणि पट्ट्या काढून त्याच दिवशी परत पाठवा, नाहीतर सफाईचे पैसे लावतात. परत करायची जागा डीओवर लिहिलेली असते ती पुन्हा विचारून घ्या, डेपो भरला की लाइन जागा बदलते आणि ट्रक भलतीकडे जाऊन परत येतो. रिकामा आत गेल्याची गेटची पावती तारखेसह घ्या आणि किमान वर्षभर सांभाळा, डिटेन्शनची बिलं कितीतरी महिन्यांनी येतात आणि तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो. उत्तर येईल तसं कळवा, बीएल कोणाकडे आहे ते कळलं की पुढचं नेमकं सांगता येईल.